बाळासाठी पलंगाला लागून ठेवायची क्रिब: घ्यावी का, आणि घ्यायची तर काय बघून?

गवतीचहा, ४ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. तीन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलं तर सांभाळून घ्या.

३२वा आठवडा चालू आहे, तारीख एप्रिलच्या सुरुवातीची. पुण्यात वाकडला राहतो. लीड्सची चुलतबहीण रोज एक नवी क्रिब पाठवते, ती पलंगाला चिकटवून ठेवायची, एका बाजूची जाळी खाली करता येणारी. आई म्हणते, घरात पाळणा आहे, तू त्यातच वाढलीस. सासूबाई म्हणतात, बाळ आईच्या कुशीत झोपतं, त्याला वेगळी खाट कशाला. नवऱ्याने एक्सेल शीट केली आहे. त्यात ११ क्रिब आहेत, ६ हजारांपासून २८ हजारांपर्यंत, आणि शेवटच्या रकान्यात 'लुक्स' असं लिहिलंय.

मला फक्त एवढंच कळून घ्यायचंय की सुरक्षित म्हणजे नक्की काय. २८ हजारवाली ६ हजारवालीपेक्षा सुरक्षित असते का? आणि जुन्या पाळण्यात रात्री झोपवलं तर काय बिघडतं?

लिंबूटिंबू, ४ फेब्रुवारी

अभिनंदन! आणि सरळ सांगतो, पैसे वाया. आमच्या क्रिबमध्ये पहिल्या महिन्यापासून आजतागायत धुतलेले, घडी न केलेले कपडे झोपतात. त्यांना अजून काहीही झालेलं नाही. हलके घ्या.

यॉर्कशायरी मिसळ, ४ फेब्रुवारी

लीड्सच्या बहिणीला माझा नमस्कार सांगा, मी तिच्यापासून अर्ध्या तासावर राहते.

किंमत आणि सुरक्षितता यांचा संबंध फार थोडा. महाग क्रिबमध्ये चाकं, झुलण्याची सोय, प्रवासाची पिशवी, मऊसूत कापड यांचे पैसे असतात. बघायचं ते वेगळंच. इकडे या प्रकारच्या खाटांसाठी ईएन ११३० नावाचं मानक आहे, ते २०१९मध्ये नव्याने लिहिलं गेलं. त्यातली एक अट मला फार महत्त्वाची वाटते: पलंगाकडची बाजू पूर्ण खाली केली तरी बाळाच्या गादीपासून किमान १२० मिमी, म्हणजे जवळपास अर्धी वीत, उंचीचा कठडा उरलाच पाहिजे. आधीच्या बऱ्याच क्रिब त्या बाजूने अगदी सपाट उघडायच्या. तुम्ही जी घ्याल तिच्या सूचनापत्रकावर ईएन ११३०:२०१९ छापलंय का ते बघा. नुसतं 'युरोपियन स्टँडर्ड' लिहिलं असेल तर त्याला काही अर्थ नाही.

दुसरं म्हणजे फट. क्रिब आणि तुमची गादी यांच्यात बोटसुद्धा जाता कामा नये. म्हणून तर सोबत पट्टे देतात, क्रिब पलंगाला आवळून बांधायला. लोक ते पट्टे खोक्यातच ठेवतात आणि क्रिब नुसती टेकवतात. रात्री आपण कुशीवर वळलो की आपली गादी सरकते, फट पडते. तान्ह्या बाळाला मान उचलून तोंड बाजूला करता येत नाही, हे लक्षात ठेवा म्हणजे बाकी सगळं आपोआप समजतं.

तिसरं, तुमचं पांघरूण त्या कठड्यावरून आत येऊ द्यायचं नाही.

सोलापुरी चादर, ५ फेब्रुवारी

वरच्या शेवटच्या ओळीचा निषेध! आमचं काय वाईट केलंय?

(गंमत. सहमत आहे.)

डॉ. खडीसाखर, ५ फेब्रुवारी

बालरोगतज्ज्ञ आहे. ओपीडीत हा प्रश्न रोज येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गवतीचहा, तुमच्या प्रश्नाचं मूळ उत्तर क्रिबमध्ये नाहीच. झोपताना बाळ पाठीवर असावं, सपाट आणि घट्ट गादीवर असावं, आणि त्या गादीवर बाळाशिवाय काहीही नसावं. उशी नाही, लोड नाही, मऊ खेळणं नाही, कडेने बांधायच्या गुबगुबीत झालरी नाहीत. खोली आईबापाचीच असावी, किमान पहिले ६ महिने. जागा मात्र स्वतःची वेगळी. अमेरिकन बालरोग अकादमीच्या २०२२च्या सूचनांचं सार इतकंच आहे. या चार गोष्टी ६ हजारांच्या क्रिबमध्ये होत असतील तर २८ हजारांची गरज नाही.

हे कुठून आलं तेही सांगतो. निरोगी बाळ रात्री झोपलं आणि सकाळी उठलंच नाही, असे मृत्यू सर्वांत जास्त २ ते ४ महिन्यांच्या वयात होतात, आणि साधारण ९० टक्के ६ महिन्यांच्या आत. ब्रिटनने १९९१मध्ये आणि अमेरिकेने १९९४मध्ये 'बाळाला पाठीवर झोपवा' एवढं सांगणारी मोहीम काढली. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत असे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. औषध नाही, यंत्र नाही, नुसती झोपवण्याची बाजू बदलली.

आता आजी मंडळींचा हुकमी प्रश्न: पाठीवर झोपवलं आणि दूध बाहेर आलं तर ठसका लागणार नाही का? नाही. उताण्या बाळात श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका खाली. बाहेर आलेलं दूध उताराने परत अन्ननलिकेकडेच जातं. पोटावर झोपवलं की हे उलटं होतं. त्यामुळे दूध ओकणाऱ्या बाळालाही सपाटच. डोक्याकडची बाजू उंच करायची सोय काही क्रिबना असते आणि जाहिरातीत ती मिरवतात. ती वापरू नका. १० अंशांहून जास्त उतार झाला की बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडते.

प्लेनफील्डचे पोहे, ५ फेब्रुवारी

डॉक्टरांच्या शेवटच्या मुद्द्याला न्यू जर्सीहून पुरवणी. इकडे 'रॉक एन प्ले' नावाचा तिरपा झोपाळा घरोघर होता, बेबी शॉवरला हमखास मिळायचा. एप्रिल २०१९मध्ये बाळांच्या मृत्यूंनंतर तो बाजारातून परत बोलावला, सुमारे ४७ लाख नग. २०२२मध्ये कायदाच झाला आणि असे तिरपे झोपाळे आणि क्रिबच्या गुबगुबीत झालरी, दोन्ही विकायला बंदी आली. त्याआधी, २०११पासून, एक बाजू वरखाली सरकणाऱ्या मोठ्या लाकडी क्रिबवरही बंदी आहे. खिटी सैल झाली की ती बाजू निसटायची आणि बाळ फटीत अडकायचं.

सांगायचा मुद्दा, भारतात येणारे ओळखीचे लोक 'आमच्या मुलाची क्रिब, अगदी नव्यासारखी' म्हणून जे आणतात ते जरा तपासून घ्या. इकडे विकता येत नाही तेच कधीकधी प्रेमाने तिकडे पोचतं.

आक्का६२, ५ फेब्रुवारी

वाचते आहे सगळं. माझी तीन मुलं, पाच नातवंडं, सगळी कुशीत वाढली. रात्री बाळ जरा हललं तरी आईला जाग येते, त्याला यंत्र लागत नाही. आणि गरिबाच्या घरी झोळीच असते. ऊसतोडीच्या बायका झाडाला साडीची झोळी बांधतात, त्या काय निष्काळजी असतात? तुम्ही सगळं इंग्लंड-अमेरिकेवरून मोजता.

डॉ. खडीसाखर, ५ फेब्रुवारी

आक्का, निष्काळजी कुणीच नाही. झोळीतलं बाळ दिवसा, आई चार हातांवर काम करतेय, मधूनमधून डोकावतेय, ही एक गोष्ट. बंद खोलीत, अंधारात, सगळे गाढ झोपलेले असताना तेच बाळ सहा तास झोळीत, ही दुसरी. झोळीत पाठ कमानीसारखी वाकते आणि मान पुढे येते. मोठं बाळ मान सरळ करून घेतं, महिन्याचं बाळ नाही करू शकत. कापड तोंडावर आलं तरी बाजूला सारू शकत नाही.

कुशीत झोपवण्याबद्दल मी घरी येऊन पोलिसगिरी करणार नाही, निम्मा महाराष्ट्र तसाच झोपतो. पण काही वेळा अजिबात नाही म्हणजे नाही: घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल, पलंगावरच्या कुणी दारू किंवा झोप आणणारं औषध घेतलं असेल, बाळ वेळेआधी किंवा अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं जन्मलं असेल. आणि सोफ्यावर तर कुणीच, कधीच नाही. ब्रिटनमधली संस्था सांगते की सोफ्यावर बाळासोबत झोप लागली तर धोका ५० पटींपर्यंत जातो. म्हणून रात्रीचं पाजताना डुलकी लागेल असं वाटत असेल तर सोफ्यावर बसण्यापेक्षा पलंगावरच पाजा, उशा-पांघरुणं आधी बाजूला करा, आणि जाग आली की बाळाला त्याच्या जागी ठेवा. सीझर झालेल्या बाईला हे उठणं-बसणं किती जड जातं ते मला माहीत आहे. पलंगाशेजारच्या क्रिबचा खरा उपयोग तिथेच आहे.

रंधा, ६ फेब्रुवारी

आमचा फर्निचरचा वर्कशॉप आहे, नगर रोडला. वर सगळं बरोबर लिहिलंय, पण एक प्रश्न कुणीच विचारला नाही. तुमचा पलंग कसला आहे?

आपल्याकडे दहापैकी आठ घरांत बॉक्सबेड. खाली सामान, फळी जमिनीपर्यंत. या विलायती क्रिबचे पाय इंग्रजी एल अक्षरासारखे असतात आणि ते पलंगाखाली सरकवायचे असतात, त्यावर क्रिबचा तोल असतो. बॉक्सबेडला खाली जागाच नाही. पाय फळीला अडतात आणि क्रिब चार-सहा इंच लांब राहते. म्हणजे यॉर्कशायरी ताई जी बोटभर फट नको म्हणतात, तिथे आख्खा हात जातो. मग लोक काय करतात? त्या फटीत दुपटी गुंडाळून ठोकतात. हे सगळ्यात वाईट. गुंडाळी दबते, सरकते, आणि मऊ वस्तू बाळाच्या तोंडाशी येते.

काही क्रिबचे पलंगाकडचे पाय आत दुमडता येतात, बॉक्सबेडसाठीच ती सोय असते. घेण्याआधी दुकानदाराला पाय दुमडून दाखवायला सांगा. नुसत्या फोटोवरून मागवू नका.

उंचीही मोजा. जमिनीपासून तुमच्या गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत. तुमच्याकडे ८ इंची स्प्रिंगची गादी असेल तर ती क्रिबच्या सगळ्यात वरच्या टप्प्यापेक्षा उंच जाण्याची शक्यता आहे. आपली गादी क्रिबच्या कठड्यापेक्षा वर असता कामा नये.

पाळण्याचं: लाकडी असेल तर दांड्यांमधलं अंतर टेपने बघा. ६ सेंमीपेक्षा जास्त असेल तर धड निसटून डोकं अडकू शकतं. टेप नसेल तर कोल्ड्रिंकचा जाडा कॅन घ्या, तो दांड्यांमधून गेला तर पाळणा नापास. आणि रंग. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवायचा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये काय असेल याची खात्री नाही, आणि दात यायला लागले की बाळ कठडाच चघळतं. जुना रंग घरी पॉलिशपेपर मारून काढू नका, ती धूळ जास्त वाईट.

लिंबूटिंबू, ६ फेब्रुवारी

रंधाभाऊ, मग तुम्हीच एक बनवून द्या की गवतीचहा ताईंना. पलंगाच्या मापाची.

रंधा, ६ फेब्रुवारी

लोक विचारतात, मी पलंगाला जोडायची करत नाही. जोड सैल झाला, हंगामाने लाकूड फुगलं-आटलं, तर जबाबदारी कुणाची? चारही बाजू बंद असलेली सुटी कॉट करतो, ती वेगळी गोष्ट. तीसुद्धा पॉलिश केल्यावर निदान महिनाभर उघड्यावर ठेवून मगच देतो. एप्रिलची तारीख असेल तर आत्ताच उशीर झालाय.

जुळ्यांचा बाप, ६ फेब्रुवारी

गादीबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. आमच्या क्रिबसोबतची गादी बघून सासऱ्यांना भडभडून आलं, "ही काय पाटी आहे का, पोरं काय फळ्यावर झोपवायची?" दुसऱ्या दिवशी त्यांनी ओळखीच्या गादीवाल्याकडून कापसाच्या दोन छोट्या गाद्या पिंजून आणल्या. दिसायला लोण्यासारख्या. आठवड्यात दोन्हींना मधोमध खड्डा पडला आणि पोरं त्यात बशीत ठेवल्यासारखी दिसायला लागली. सोबत येते तीच गादी ठेवा, वर फक्त तिच्या मापाची घट्ट बसणारी चादर. आपल्याला कडक वाटली म्हणजे ती बरोबर आहे.

आणि जुळी असली तरी दोघांना एका क्रिबमध्ये नाही. दोन घेतल्या. बायकोच्या दोन बाजूंना एकेक. मी हॉलमध्ये.

केळफूल, ७ फेब्रुवारी

अवांतर: मोहरीच्या उशीचं काय? आमच्याकडे डोकं गोल व्हावं म्हणून पाचवीपासून देतात.

डॉ. खडीसाखर, ७ फेब्रुवारी

उशी म्हणजे उशी, मोहरीची असो की शेवरीची. डोक्याला चपटेपणा येऊ नये म्हणून बाळ जागं असताना दिवसातून काही वेळा आपल्या देखत पोटावर ठेवा, आणि रोज क्रिबमध्ये डोकं-पायांची दिशा बदला, म्हणजे ते उजेडाकडे वेगवेगळ्या बाजूने मान वळवतं. थोडा चपटेपणा मान धरल्यावर बहुतेक वेळा आपोआप जातो. मान एकाच बाजूला राहत असेल तर दाखवा.

टोपडं-कुंची बाहेर जाताना. घरात झोपताना डोकं उघडं. बाळ जास्तीची उष्णता बरीचशी डोक्यातून बाहेर टाकतं. गरम होतंय का हे हात-पाय लावून बघू नका, ते गारच असतात. मानेमागे किंवा छातीवर हात लावा. आणि बाळाच्या खोलीत धुरी नको. कशाचीच नको.

गवतीचहा, ७ फेब्रुवारी

बापरे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याने एक्सेलमधला 'लुक्स'चा रकाना काढला आहे. त्याजागी आता 'पाय दुमडतात का' असा रकाना आहे.

आमचा बॉक्सबेडच निघाला. जमिनीपासून गादीच्या वरपर्यंत २३ इंच. पाय दुमडणाऱ्या आणि एवढ्या उंचीला येणाऱ्या अशा ११पैकी ३ उरल्या. त्यातली एक शनिवारी औंधला दुकानात जाऊन बघणार आहोत. पट्टा गादीखालून पलीकडच्या बाजूला नेऊन कसा बांधायचा तेही विचारून घेते.

बहीण म्हणते, खोलीचं तापमान १६ ते २० ठेव. तिला सांगितलं, एप्रिलमध्ये आमच्याकडे १६ ते २० फक्त फ्रिजमध्ये असतं.

यॉर्कशायरी मिसळ, ७ फेब्रुवारी

हाहा. इकडच्या खोल्यांचा आकडा आहे तो. पंखा लावा, सुती झबलं एकच घाला, बास.

आक्का६२, ८ फेब्रुवारी

मी एक विचारू? बाळंतपण कुठे आहे गं तुझं?

गवतीचहा, ८ फेब्रुवारी

माहेरी, कऱ्हाडला. पहिलं आहे ना. मार्चच्या मध्याला जाणार, आणि जूनच्या शेवटी पुण्याला परत.

आक्का६२, ८ फेब्रुवारी

मग वाकडचा पलंग कशाला मोजते आहेस?

लिंबूटिंबू, ८ फेब्रुवारी

आक्का, दंडवत. ११ क्रिब, जवळपास २० प्रतिसाद, एक डॉक्टर, एक सुतार, दोन परदेश, आणि हे कुणालाच सुचलं नाही.

यॉर्कशायरी मिसळ, ८ फेब्रुवारी

खरंच की. या क्रिब साधारण ९ किलोपर्यंत किंवा बाळ हातांवर रेटून उठायला-बसायला लागेपर्यंतच चालतात, म्हणजे फार तर पाच-सहा महिने. त्यातले पहिले तीन कऱ्हाडला. आणि डॉक्टरांनी सांगितलेलं २ ते ४ महिन्यांचं वयही निम्मं तिकडेच. कऱ्हाडचा पलंग कसला आहे?

गवतीचहा, ८ फेब्रुवारी

मी दोन मिनिटं नुसती फोनकडे बघत बसले. बाबांना फोन केला. त्यांनी लगेच टेप घेतली आणि आईने ओरडून ओरडून आकडे सांगितले.

आजोबांच्या वेळचा शिसवी पलंग आहे. खाली भरपूर जागा, त्यामुळे पायांचा प्रश्न नाही. पण चारही बाजूंनी लाकडी कडा आहे आणि ती गादीपेक्षा २ इंच वर येते. कापसाची गादी त्या चौकटीच्या आत बसते. एक बाजू भिंतीला चिकटलेली. मी लहानपणी भिंतीकडे झोपायचे, आई म्हणते बाळही तिकडेच झोपेल, पडायची भीती नाही.

रंधा, ८ फेब्रुवारी

२ इंच कडा म्हणजे जोडून बसणार नाही. क्रिब कितीही आवळली तरी तिच्या आणि गादीच्या मध्ये लाकडाचा तो उंबरा राहणार, आणि कडेच्या आतल्या बाजूला गादी दबली की खाच. तिथे पलंगाकडची बाजू उघडायचीच नाही. चारही बाजू वर ठेवून सुटी कॉट म्हणून वापरा, पलंगापासून हाताच्या अंतरावर. पण घेताना हे विचारा की ती तशी सुटीही वापरायला चालते का. काहींना चालते, काही फक्त जोडूनच वापरायच्या असतात. सूचनापत्रकात लिहिलेलं असतं.

डॉ. खडीसाखर, ८ फेब्रुवारी

रंधांशी सहमत. आणि भिंतीकडे अजिबात नको. भिंत आणि गादी यांच्यामधली फट ही पडण्यापेक्षा वाईट. पडलेलं बाळ रडतं तरी.

केळफूल, ९ फेब्रुवारी

कऱ्हाडला डास असतील. छत्रीसारखी मच्छरदाणी येते ती क्रिबवर बसेल का?

जुळ्यांचा बाप, ९ फेब्रुवारी

त्या छत्र्यांसोबत मऊ गादी आणि उशीचा सेट येतो, तो बाजूला काढा. नुसती जाळी वापरायची. आम्ही क्रिबच्या बाहेरून जमिनीपर्यंत येईल एवढी मोठी जाळी टाकायचो, वर छताला बांधून. ताणून, लोंबती दोरी नाही.

गवतीचहा, १५ फेब्रुवारी

शनिवारी घेतली. साडेनऊ हजार. पाय दुमडतात, सुटीही वापरता येते, ईएन ११३०:२०१९ छापलेलं आहे, बाजू खाली केल्यावरचा कठडा मी दुकानात टेपने मोजला, साडेबारा सेंमी. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आजवर कुणी मोजलं नव्हतं." सरळ कऱ्हाडलाच पाठवली.

डोक्याकडची बाजू उचलायची खिटी होती, बाबांनी चिकटपट्टी गुंडाळून बंद करून टाकली.

गवतीचहा, ३ मे

मुलगी! ३० मार्चला. सीझर झालं. आम्ही दोघी ठीक आहोत. आता पहिल्यांदाच दोन्ही हात मोकळे आहेत म्हणून लिहितेय.

क्रिबचं सांगते. पहिले दहा दिवस मला पलंगावरून उठता येत नव्हतं. चारही बाजू वर असलेल्या कॉटमधून वाकून बाळ उचलणं म्हणजे टाक्यांना आमंत्रण. गादी सगळ्यात वरच्या टप्प्यावर घेतली तरी जमेना. तेव्हा आईच रात्री उठून द्यायची. मग लक्षात आलं की पलंगाकडची जाळी झिपने खाली करायची, बाळ घ्यायचं, ठेवल्यावर परत वर. रात्रीतून पाच वेळा ती झिप. बाळ उठत नाही. बाबा उठतात, पलीकडच्या खोलीत.

पाळणा बारशाला बांधला. बाबांनी कॅन लावून बघितला, सरळ आरपार गेला. पण नाव त्यातच ठेवलं, आत्याने कानात सांगितलं, फोटो झाले, आणि अर्ध्या तासात ती परत क्रिबमध्ये. आजीने मोहरीची उशी शिवून आणली होती. ती आता मी पाजताना कोपराखाली घेते, फार छान आहे.

सासूबाई परवा येऊन राहून गेल्या. पहिल्या रात्री म्हणाल्या, पिंजऱ्यात ठेवल्यासारखं दिसतं. दुसऱ्या रात्री म्हणाल्या, तू झोप, मी बघते, आणि क्रिबला खुर्ची लावून त्याच जाळीवर हात ठेवून बसून होत्या.

आक्का६२, ३ मे

देव भलं करो. नाव काय ठेवलंस ते लिहू नकोस इथे, पण गोड असणार. बाळंतलाडू खा.

भिजलेली वाट, २२ जुलै

जुना धागा वर काढतेय, माफी. सगळा वाचला, वाचनखूण साठवली. गवतीचहा ताई, माझी तारीख १२ सप्टेंबर आहे, आम्ही सांगलीला असतो. तुमची क्रिब तोपर्यंत मोकळी होणार असेल तर विकत घेईन. सूचनापत्रक आणि पट्टे आहेत ना?

गवतीचहा, २३ जुलै

सगळं आहे, पट्टे तर पुण्यात आल्यावरच पहिल्यांदा उघडले. इथे बॉक्सबेडला व्यवस्थित जोडून बसली आहे. लेक आता पालथी पडायला लागली आहे, ती हातांवर उठायला लागली की क्रिब बंदच करायची आहे. म्हणजे ऑगस्टअखेर नक्की मोकळी.

पण आधी सांगा, बाळंतपण कुठे?

भिजलेली वाट, २३ जुलै

इस्लामपूरला, आईकडे. तिथे पलंगच नाही हो, सगळे खाली गादी घालून झोपतात.

गवतीचहा, २३ जुलै

मग अजून पैसे पाठवू नका. तुम्ही जमिनीवर आणि बाळ दोन फूट वर, असं झालं तर रात्री प्रत्येक वेळी उठून उभं राहावं लागेल. सीझर झालं तर विचारूच नका. डॉक्टर, रंधाभाऊ, आक्का, बघता का जरा?

डॉ. खडीसाखर, २३ जुलै

खालीच बाळासाठी वेगळी छोटी गादी. घट्ट, सपाट, वर एक ताणलेली चादर. तुमच्या गादीपासून हातभर लांब, भिंतीपासूनही लांब. ओल असेल तर खाली चटई. त्यावर छत्रीची जाळी, आतला उशी-गादीचा सेट काढून. घरात मोठी मुलं, कुत्रं-मांजर, रात्री अंधारात उठणारं कुणी असेल तर मात्र खाली ठेवू नका, तेव्हा उंच क्रिबच बरी.

भिजलेली वाट, २४ जुलै

मांजर आहे. आणि आजोबा रात्री तीनदा उठतात.

आक्का६२, २४ जुलै

मग दिवाण आणा कुणाकडून तरी तीन महिन्यांपुरता. गावात मिळतो. आणून झाला की उंची मोज आणि इथे लिही.

गवतीचहा, २४ जुलै

कडा आहे का तेही बघा. क्रिब तुमच्यासाठी धरून ठेवते. बाबांची टेप अजून माझ्याकडेच आहे, हवी तर सोबत देते, पण ती परत लागेल.